एकशे ऐंशीतून वजा

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं, की टाळणं हा माझा जोडधंदाच झाला होता. दवाखान्यातून निवृत्त झालो तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात सगळे म्हणाले, जुन्या आठवणी सांगा. मी ओल्या प्लास्टरनिशी भावाच्या वरातीत नाचायला गेलेल्या माणसाची गोष्ट सांगितली. लोक पोट धरून हसले. पुढं नातवंडांनी विचारलं तेव्हाही तीच सांगितली, आणि पाहुणे आले तरी तीच. आता ती ऐकून घरात कुणी हसत नाही. दुसरी गोष्ट माझ्याजवळ एकच उरली आहे.

ती माझ्या थोरल्या बहिणीची आहे. आम्ही तिला अक्का म्हणायचो. तिनं एकदा अगदी बरोबर मोजलं होतं आणि मी तिच्यासमोर ते चूक ठरवलं. कागदोपत्री ती आजही चुकलेलीच आहे.

मी गुलबर्ग्याच्या एका दवाखान्यात हाडांच्या विभागात होतो. तेव्हा कलबुर्गी म्हणायची पद्धत नव्हती. प्लास्टर बांधणं, प्लास्टर कापणं, रोग्याला उचलून फळीवर ठेवणं, त्याच्या शिव्या ऐकणं, अशी कामं. आमचे मोठे डॉक्टर म्हैसूरकडचे. मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. माझ्याशी कन्नडमध्ये बोलायचे आणि रोग्यांशी दखनीत. त्यांच्या डोक्यात एक संशोधन होतं. ते म्हणायचे, "पुस्तकांतले खुबे सगळे खुर्चीवर बसणाऱ्यांचे आहेत. आपला माणूस उकिडवा बसतो, मांडी घालतो, दिवसभर वाकून खुरपतो. त्याचा खुबा किती वाकतो हे कुणी मोजलंच नाही. धडधाकट खुबा किती वाकतो हे ठाऊक नसेल, तर तो आजारी कधी पडला हे कसं कळणार?"

बोलणं मला पटलं. त्याहून जास्त, साहेबांनी माझं गाव निवडावं ही हौस होती. गाव हुमनाबाद तालुक्यात, दुबलगुंडीच्या अलीकडं. नाव लिहीत नाही, कारण तिथं माझे भाचे राहतात आणि त्यांना भांडायला निमित्त लागत नाही.

मोजायचं साधन म्हणजे दोन पात्यांचा कोनमापक. गावानं त्याला पहिल्याच दिवशी कैची म्हटलं. माणसाला बाजेवर उताणं निजवायचं, एक गुडघा जाईल तेवढा पोटाकडं न्यायचा, एक पातं अंगाच्या रेषेत आणि दुसरं मांडीवर धरायचं, आणि मधल्या अर्धगोलावरचा आकडा वाचायचा. त्या अर्धगोलावर आकड्यांच्या दोन ओळी होत्या. एक डावीकडून चढत जाणारी, दुसरी उजवीकडून. वरच्या ओळीत सत्तर असेल तिथं खालच्या ओळीत एकशे दहा. हे ध्यानात ठेवा. माझं पाप तिथं आहे.

पुरुषांचं मोजमाप हसत-खेळत झालं. आमच्या गल्लीतले बहुतेक पुरुष तेव्हा ऊसतोडीला गेलेले, त्यामुळं मोजले गेले ते वरच्या गल्लीतलेच. एका म्हाताऱ्याला वाटलं, लष्करात घ्यायला माणसं आलीत.

"दात बघत न्हाईत आन मांड्या कामून मोजायलेत?" त्यानं मला विचारलं.

"आजोबा, ह्या वयात घेतील व्हय तुमाला लष्करात?"

"वय कामून बघायलास? मांडी बघ की!"

त्याचा आकडा एकशे बत्तीस निघाला. तो त्यानं आठवडाभर गावाला ऐकवला. संध्याकाळी चहाच्या हॉटेलात माणसं एकमेकांना विचारायची, "तुझं किती?" "एकशे तीस." "माझं एकशे पस्तीस. चहा तू सांग." चौथी नापास झालेली माणसं डिग्रीवरून भांडू लागली, असं साहेबांना सांगितलं तेव्हा ते खूष झाले.

बायकांचं काय करायचं, हा प्रश्न उरला. परक्या पुरुषानं मांडी धरून गुडघा पोटाला लावायचा, हे बोलायचीही सोय नव्हती. मी म्हणालो, माझी बहीण आहे.

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मामाच्या मुलाला दिलेली, म्हणजे आमच्याच गल्लीत. चौथीपर्यंत शिकलेली. आम्ही छप्पन सालानंतर बौद्ध झालेल्या घरांपैकी. आमची गल्ली गावाच्या उताराला. अक्का खुरपायला जायची, आणि त्याशिवाय बाळ-बाळंतिणींना तेल लावून न्हाऊ घालायची. वरच्या गल्लीतूनही तिला बोलावणं यायचं. तिथल्या घरांना तिला उंबऱ्याच्या आत घेताना जरा जड जायचं, पण तान्हं लेकरू तिच्या हातात द्यायला कधी जड गेलं नाही. त्यामुळं दोन्ही गल्ल्यांतल्या निम्म्या पोरांचे खुबे तिच्या हाताखालून गेलेले होते.

साहेबांनी तिला शिकवायला एक दुपार ठेवली होती. तिला अर्धा तास पुरला.

"ह्या दोन वळी कशाला?" तिनं पहिलाच प्रश्न विचारला.

"गुडघा वर येताना जी वाढते ती वाच. दुसरीकडं बघू नको," मी सांगितलं.

"मग दुसरी कामून छापलीय?"

साहेबांना मी हे कन्नडमध्ये सांगितलं. त्यांनी कैची उलटसुलट करून पाहिली. मग ती म्हणाली, "साहेब, निजा." साहेब बूट काढून आमच्या बाजेवर निजले. तिनं लेकराचा धरावा तसा त्यांचा गुडघा धरला, वर नेला, पाती लावली आणि आकडा वाचला, "पंच्याण्णव."

साहेब म्हणाले, परत बघ. मी स्वतः बघितलं. पंच्याण्णवच होतं.

"साहेब, तुमी आमच्या गावात असता तर लग्न जमलं नसतं," अक्का म्हणाली. हे भाषांतर करू की नको असं मला झालं. केलं. साहेब इतके हसले की बाज करकरली. त्यांनी स्वतःचा आकडा वहीत लिहायला लावला आणि समोर लिहवून घेतलं: खुर्चीवाला.

वरच्या गल्लीतल्या बायका तिनं दोन दिवसांत मोजल्या. खोलीला पडदा, पडद्यामागं अक्का आणि बायका, अलीकडं वही घेऊन मी. आतून आधी हसणं यायचं आणि मग आकडा. "एकशे अठ्ठावीस! लिवलास का झोपलास?" "एकशे बावीस! ही म्हनती तिला अजून जरा वाढवून लिव." सगळं पुरुषांसारखंच, थोडं जास्तच.

तिसऱ्या दिवशी आमची गल्ली, विहाराची खोली. पहिला आकडा आला, ऐंशी. मग एकशे पाच. मग पंच्याहत्तर, सत्तर, पुन्हा पंच्याहत्तर. पोरी-बाळींचे आकडे ठीक होते. तिशी ओलांडलेल्यांचे घसरत होते. मामी, म्हणजे अक्काची सासू, आली तेव्हा आतून आवाज आला, "पन्नास."

"अक्का, नीट बघ."

"नीटच बघायले. तूच ये की पडद्याआड, मामीची चप्पल खायला."

मामी जमिनीवर बसायचीच नाही. बाजेच्या काठावर कडेला टेकायची, आता निघायचंच आहे असं दाखवत. आम्ही म्हणायचो, मामीला कुठं तरी जायचंय, फक्त गाव ठरत नाही. त्या थट्टेमागं काय आहे हे आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी अक्काकडं जेवायला बसलो. ती चुलीपुढं भाकरी थापत होती, एक गुडघा उभा, एक आडवा, आमच्याकडच्या सगळ्या बायका बसतात तशी. थापता थापता म्हणाली, "तुझी कैची ऱ्हाऊ दे. कुणाचा खुबा गेला हे बघायचं तर भाकरीच्या वक्ताला घरोघर हिंडावं. खुबा धरला की बाई आदी बुडाखाली पाट घेती. मग पाटाखाली वीट. मग चूल सुनेला देती आन म्हनती, सून आल्यावर कशाला मी करू."

"मग?"

"मग काय! वरच्या गल्लीत दोन म्हाताऱ्या पाटावर हायत. आपल्या गल्लीत नऊ घरांत पाट हाय, आन त्यातल्या तिघी माझ्या वयाच्या. आपल्या गल्लीत काय तर हाय. साहेबाला सांग."

"कष्टानं झालं असंल."

"वरच्या गल्लीच्या बाया काय पालखीत बसून खुरपायलेत व्हय? एकाच रानात, एकाच वळीत असतो आमी."

तिचं संशोधन एवढंच होतं. त्याला कैची लागली नाही. साहेबांना जे हवं होतं, धडधाकट खुबा आजारी कधी पडला, ते तिनं पाटाच्या उंचीवरून सांगितलं होतं. मी भाकरी मोडली आणि म्हणालो, "तू मोजायलीस का न्याय करायलीस?"

मी असं का म्हणालो ते आता सांगतो. मला राग आला होता, आणि तो तिच्यावर नव्हता. गुलबर्ग्याहून साहेब आले, अहवाल छापला जाणार, त्यात दोन रकाने असणार: वरची गल्ली आणि खालची गल्ली. आणि आमचाच रकाना कमी! आमच्या आईबापांनी सगळी उमर हेच ऐकलं होतं, की आम्ही कमी. आता हाडांतही कमी, आणि तेही माझ्याच हातानं लिहून द्यायचं? वरच्या गल्लीत वाचतील. म्हणतील, बघा, आम्ही म्हणतच होतो.

पाण्याचा विचार माझ्या मनात आला नाही. आला असता तरी मी हाकलला असता. बहात्तरच्या दुष्काळानंतर आमच्या गल्लीत हापसा आला, तोवर आमच्या बायका वरच्या आडापासून लांब घागरी ठेवून उभ्या राहायच्या. कुणाला दया आली तर वरून ओतायचं. हापसा आला त्या दिवशी त्याला हार घातला होता. दांडा धरायला कुणाला विचारावं लागत नव्हतं. मामी त्या दिवशी दोनदा न्हाली. त्या पाण्याला नाव ठेवणारा माणूस आमच्या गल्लीत जन्मला नव्हता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी वही पाहिली आणि आमच्या पानावर थांबले.

"हे काय? पन्नास? सत्तर?"

अक्का तेव्हा चहा घेऊन दारात उभी होती. माझं तोंड आपोआप उघडलं. "साहेब, तिनं उलटी ओळ वाचली असणार. नव्वदच्या खालचे आकडे तसलेच आहेत. आपल्याच बायका, थट्टामस्करी चालली होती, गडबडली असेल."

"पण वरच्या गल्लीत तर बरोबर वाचले?"

"तिथं भीत होती, म्हणून लक्ष देऊन वाचले."

एवढं सुबक खोटं मी पुन्हा कधी बोललो नाही. साहेबांनी विचारलं, परत मोजायचं का? मी म्हणालो, बायका परत येणार नाहीत. तेही खोटं. हापशावर तर त्यांची चर्चा चालली होती की पुढच्या वेळी नवं लुगडं नेसून जायचं.

साहेब भला माणूस. ते अक्काकडं वळून दखनीत म्हणाले, "कोई बात नहीं अक्का, पहली बार सब ऐसाच पढ़ते."

अक्काला दखनी माझ्याहून चांगली यायची. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी रुमालानं कैची पुसायला घेतली. ती आधीच स्वच्छ होती. मग ती साहेबांना म्हणाली, "व्हय साहेब. माझंच चुकलं आसंल."

चहा ठेवून ती निघाली. दारात मला ऐकू जाईल एवढंच बोलली, "तुझी नोकरी हाय. माझं काय, मी लेकरं न्हाऊ घालते."

साहेब मला म्हणाले, "एकशे ऐंशीतून वजा कर."

मी केलं. दुपारभर केलं. ऐंशीचे शंभर, सत्तरचे एकशे दहा. या वजाबाकीत एक गंमत आहे, जिचं हसू मला आजवर आलं नाही: जिचा खुबा जितका आखडलेला, तितका तो कागदावर मोकळा. मामीचे पन्नास होते, त्यांचे एकशे तीस झाले. जिला जमिनीवर टेकता येत नव्हतं ती आमच्या गल्लीतली सगळ्यात लवचीक म्हातारी ठरली. पुढं साहेबांनी कॉलेजच्या मोठ्या खोलीत यावर व्याख्यान दिलं. साठी ओलांडलेली, जन्मभर शेतात राबलेली बाई, आणि खुबा पाहा, असं म्हणून तोच आकडा फळ्यावर लिहिला. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. न वाजवून कसं चालेल?

त्यानंतर अक्कानं कैचीला हात लावला नाही. साहेब दुसऱ्या गावासाठी विचारायला आले तेव्हा म्हणाली, मला आकडे कळत न्हाईत. माझ्याशी मात्र ती पूर्वीसारखीच बोलायची, मला जेवू घालायची, चिडवायची. त्या विषयावर एक शब्द नाही. एकदा तरी शिवी द्यायला हवी होती तिनं. शिवी दिली असती तर मी तिथंच सुटलो असतो, हे तिला ठाऊक असावं.

साहेबांची बदली झाली. चार-पाच वर्षांनी पाणी तपासणारी माणसं गावात आली. त्यांनी आधी शाळेतल्या पोरांना हसायला लावलं आणि दात पाहिले. आमच्या गल्लीतल्या पोरांच्या दातांवर तपकिरी रेघा होत्या; आम्ही त्यांना दात घासा म्हणून बदडायचो. मग त्यांनी मोठ्यांना सांगितलं, खाली पडलेला खडू उचला. निम्म्यांना उचलता येईना. हापशाच्या पाण्यात फ्लोराइड होतं, वर्षानुवर्षं हाडांत साचत जाणारं. वरच्या गल्लीच्या आडात ते नव्हतं.

आमच्या गल्लीतल्या बायका गुलबर्ग्याला माझ्याच विभागात आल्या, रांगेनं. मीच त्यांना फळीवर निजवलं, मीच एक्स-रेचे फोटो नव्या डॉक्टरांकडं नेले. खुब्याची हाडं खडूसारखी पांढरी, आणि सांध्याभोवतीचे स्नायुबंधही तसेच पांढरे, कडक झालेले. डॉक्टर उजेडासमोर फिल्म धरून म्हणाले, "हे काही आजचं नाही. इतकी वर्षं कुणाच्याच लक्षात आलं नाही?" मी त्यांच्या हातात पुढची फिल्म दिली.

हे पाणी पिऊ नका अशी खूण म्हणून हापशाला लाल रंग लागला. आमच्या बायका पुन्हा वरच्या आडावर जाऊ लागल्या. आता अडवायची कुणाची हिंमत नव्हती, पण घागर जरा सरकवून ठेवायची सवय काहींची गेली नव्हती. चार वर्षं आधी रंग लागला असता तर मामीचं काही बदललं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. अक्काचं बदललं असतं का, हे मी विचारलं नाही. ती तोवर चाळिशीच्या पुढं होती आणि बसमधून उतरताना दोन्ही हातांनी दांडी धरायला लागली होती.

म्हणून आता लिहून ठेवतो: त्या वहीतले नव्वदच्या खालचे आमच्या गल्लीचे सगळे आकडे बरोबर होते. एकही उलटा वाचलेला नव्हता. कुणाच्या कपाटात तो अहवाल असेल तर त्यांनी मामीचा आकडा पन्नास करावा.

साहेबांना मी हे कळवू शकलो असतो. त्यांचा पत्ता होता. अक्काला तर पत्र लिहायचीही गरज नव्हती, दोन तासांची बस. पत्राचा विचार केला होता. पण भाच्याला वाचून दाखवायला लागेल म्हणून लिहिलं नाही, असं मी स्वतःला सांगायचो. तिला स्वतःला वाचता येत होतं. खरं तर म्हणूनच लिहिलं नाही.

एकदा द्राक्षं घेऊन गेलो. तिनं पिशवी उघडून विचारलं, "कुणाला बघायला चाललास? पोरगी कशी हाय?" मी बसच्या गर्दीबद्दल बोललो आणि परत आलो. एकदा मामीच्या मयतीला गेलो तेव्हा बोलणार होतो. तिथं ती रडायच्या ऐवजी सगळ्यांना सांगत होती की म्हातारी शेवटी निघाली, गाव ठरलं एकदाचं. त्या वेळी मी सगळ्यात मोठ्यानं हसलो.

शेवटचं गेलो तेव्हा ती बाजेवर होती. मानही धरली होती; कुणाकडं बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागायचं. मी मुद्दाम उशाशी बसलो, तिला दिसणार नाही असा.

"म्होरं ये की. चोरासारखा कामून बसलास?"

मी पुढं आलो.

"काय तर सांगायचं हाय तुला. ल्हानपणी बी असाच गिळायचास. गुळाचा खडा तोंडात आन म्हणायचास, मी न्हाई खाल्लो."

"न्हाई, काही न्हाई."

"सांग की. मी कुठं पळून जायले?"

तिनं वाट पाहिली. खरोखर पाहिली, डोळे माझ्यावर ठेवून, हात पोटावर ठेवून, आकडा येईपर्यंत थांबावं तशी. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "आता नळाचं पाणी चांगलं हाय म्हणं गावात."

"हे सांगायला गुलबर्ग्याहून आलास व्हय?" ती हसली. मीही हसलो. मग बसची वेळ झाली म्हणून उठलो. बसला अजून पाऊण तास होता.

पुढच्या महिन्यात ती गेली. भाच्याचा निरोप आला तेव्हा मी दवाखान्यात होतो. त्या शेवटच्या भेटीच्या दिवशी फाट्यावर बसची वाट बघत उभा होतो तेव्हाच वाक्य जुळलं होतं. दोनच वाक्यं. घर मागं दिसत होतं, चालत गेलो असतो तर दहा मिनिटं लागली असती, आणि बस आलेली नव्हती. मी ती रस्त्याकडं तोंड करून, ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिली. "अक्का, तू बरोबर वाचली होतीस. उलटं मी सांगितलो."